एकालाच दिसलेलं

फलटण,
रविवार रात्र

चि. मनूस,



परवा दादा येऊन गेला. जेवताना तुझं कौतुक सांगत होता. तुमच्या चाचणीच्या गाडीला रस्ता मोकळा असतानाही मध्येच ब्रेक लागायचे, वरचे साहेब वैतागले होते, आणि तू दोन दिवसांत ते बंद करून दाखवलंस. येत्या गुरुवारी बाहेरचे पाहुणे गाडीत बसणार आहेत. मामीने आनंदाने त्याच्या ताटात आणखी अर्धी भाकरी वाढली. मी विचारलं, कसं बंद केलं? तो म्हणाला, "सोपं आहे मामा. कॅमेरा आणि लायडार, दोघांनी हो म्हटलं तरच पुढे काहीतरी आहे असं धरायचं. एकालाच दिसलं तर सोडून द्यायचं."

मनू, माझा हात ताटातच थांबला.

दादा तुमच्या कंपनीत नाही, त्याने तुझ्या कुठल्या मित्राकडून ऐकलंय, हे मला कळतं. खोटं असेल तर हे पत्र फाडून टाक आणि म्हाताऱ्याला माफ कर. खरं असेल तर शेवटपर्यंत वाच. फोन केला असता, पण फोनवर तू "हो मामा, हो मामा" म्हणतेस आणि मला पुढचं सुचत नाही.

२०२० साली टाळेबंदीच्या काळात तू चार महिने आमच्या मागच्या सोप्यात बसून प्रोजेक्ट केलंस, तेव्हा मला हे सगळं दाखवलं होतंस. कार्ल्सरूहच्या रस्त्यांवरचा तो 'किट्टी'चा डेटा. एका बाजूला कॅमेऱ्याचं साधं चित्र, दुसऱ्या बाजूला काळ्या पडद्यावर निळे ठिपके. लायडार सेकंदाला दहा फेऱ्या मारतो, प्रकाश सोडतो, तो परत यायला किती वेळ लागला त्यावरून अंतर काढतो, हे तू सांगितलंस, आणि मी म्हणालो होतो, अगं हे आमचंच मोजणीचं काम. थिओडोलाइटने दिशा मिळते, साखळीने अंतर मिळतं, दोन्ही मिळाल्याशिवाय नकाशावर टिंब काढता येत नाही. कॅमेरा दिशा चोख सांगतो, रंग सांगतो, ही सायकल आहे की बाई आहे हे सांगतो, पण किती लांब हे त्याला नीट कळत नाही. लायडारला अंतर कळतं, नाव कळत नाही. म्हणून दोघांना एकत्र बसवायचं. ते तुला इतकं आवडलं की तू वहीत लिहून घेतलंस.

त्याच वेळी तू मला त्या डेटातला एक कप्पा दाखवलास, 'डोन्ट केअर' नावाचा. लांबचं, नीट न दिसणारं जे असतं ते त्यात टाकतात, म्हणजे ते ओळखलं नाही म्हणून गुण कापले जात नाहीत. परीक्षेपुरतं ते योग्यच आहे, हे मला तेव्हाही पटलं होतं. पण रस्त्यावर तसा कप्पा कोणी केला तर? मी विचारलं होतं. तू म्हणालीस, "मामा, तसं कोण करेल?"

टेंपीच्या अपघाताचा अहवाल तूच मला छापून दिला होतास, अजून माझ्या कपाटात आहे, कडेला पेन्सिलीच्या खुणा आहेत. काल रात्री पुन्हा काढून वाचला. १८ मार्च २०१८, रात्री दहाच्या सुमारास, ॲरिझोनामधल्या टेंपी गावात उबरची चाचणीची गाडी ताशी ७० किलोमीटरच्या आसपास चालली होती. एकोणपन्नास वर्षांची एक बाई सायकल हातात धरून रस्ता ओलांडत होती. गाडीवर कॅमेरे होते, रडार होतं, वर लायडार फिरत होता. आणि धडकेच्या ५.६ सेकंद आधी गाडीला ती दिसली होती. ५.६ सेकंद, मनू. त्या वेगाने शंभर मीटरपेक्षा जास्त होतात. एवढ्या अंतरात गाडी आरामात थांबते.

मग काय झालं हे तुला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे, तरी लिहितो, कारण लिहिताना माझंच मन शांत होतं. यंत्राने तिला आधी वाहन म्हटलं, मग 'इतर', मग पुन्हा वाहन, मग सायकल. आणि दर वेळी नाव बदललं की तिचा आधीचा सगळा मागोवा पुसला गेला. ती कुठून कुठे सरकत आली आहे हे यंत्र दर वेळी विसरलं. आता जन्मलेली वस्तू म्हणून पुन्हा पहिल्यापासून बघू लागलं. ती रस्ता ओलांडते आहे हे कळायला जो इतिहास लागतो तोच टाकून दिलेला. शेवटी धोका आहे असं ठरलं तेव्हा १.२ सेकंद उरले होते, आणि त्यातही उगाच ब्रेक लागू नयेत म्हणून एक सेकंद थांबायचं असं लिहून ठेवलेलं होतं. व्होल्वोचे स्वतःचे आपोआप लागणारे ब्रेक त्या वेळी बंद ठेवले होते. गाडीत बसलेली चालक मोबाइलकडे बघत होती.

त्या एका सेकंदाशेजारी मी २०२० साली पेन्सिलीने प्रश्नचिन्ह काढलं होतं. काल त्याच्याशेजारी तुझं नाव लिहिलं. रागाने लिहिलं, मग खोडरबर घेतला. तो सेकंद ज्याने लिहिला तोही कुणाचा तरी भाचा असेल, हुशार असेल, त्याच्यामागेही कुठला तरी गुरुवार असेल.

तू म्हणशील, मामा, उगाच लागलेला ब्रेक म्हणजे गंमत नाही. खरंच नाही. पुणे-सातारा रस्त्यावर घाटात मोकळ्या जागी गाडी थांबली तर मागचा ट्रक आत येईल. रडारला लोखंडी पूल दिसतो, गटाराचं झाकण दिसतं. लायडारला धूळ दिसते, पाऊस दिसतो, शेतातला पाचट जाळल्याचा धूर भिंतीसारखा दिसतो. प्रत्येकाला थांबायचं तर गाडी फलटणहून बारामतीला पोचणारच नाही. हे सगळं कळतं मला. पण धुराला फेकून देताना धुराच्या आत कोण आहे तेही फेकलं जातं, एवढंच माझं म्हणणं आहे. आणि ते कसं फेकलं जातं हे तू शांतपणे बसून बघितलंस का?

आपल्या रस्त्यावरचं उदाहरण घे. गळीत हंगाम सुरू झालाय. बीडकडचे ऊसतोडीचे कोयते आलेत, कालव्याच्या कडेला त्यांच्या खोप्या पडल्यात. रात्री बैलांच्या टायरगाड्या कारखान्याकडे निघतात. मागे ऊस इतका बाहेर आलेला असतो की रिफ्लेक्टर असलाच तरी त्याखाली झाकला जातो. बैल चालतो ताशी चार किलोमीटर. आता तुझी गाडी मागून येते. कॅमेऱ्याला अंधारात तपकिरी ढीग दिसतो, त्याला शिकवलेल्या नावांत तो बसत नाही. रडारला लोखंडी आस दिसतो, पण गाडीचा स्वतःचा वेग वजा केल्यावर उरतो सेकंदाला जेमतेम एक मीटर, तो शून्याच्या इतका जवळ की झाकण आणि खांब गाळणाऱ्या चाळणीतून तोही गळतो. आडवं चालणाऱ्या माणसाचं तर याहून वाईट, कारण रडार जवळ येणारं आणि लांब जाणारं मोजतं. नजरेसमोरून आडवं जाणारं त्याच्या लेखी जवळजवळ उभंच असतं. राहिला लायडार. त्याला ढीग दिसतो. त्या एकालाच दिसतो.

तो ढीग हलतोय हे ओळखणं किती अवघड आहे तेही मी काल कागदावर करून बघितलं. लायडारच्या एका फेरीत, सेकंदाच्या दहाव्या भागात, बैलगाडी अकरा सेंटिमीटर सरकते. उसाच्या मोळीवर एक ठिपका पुढच्या कांड्यावर पडतो, पुढच्या फेरीतला मागच्या कांड्यावर पडतो, त्यातच वीतभर फरक येतो. म्हणजे एका फेरीत काही कळणारच नाही. दहा फेऱ्या धीर धरला, ठिपक्यांचा तोच घोळका मनात जपला, तर मीटरभर सरकलेला दिसतो. मग कळतं की हे झुडूप नाही, कुणीतरी चाललंय. आणि तू पहिल्याच फेरीत, कॅमेरा हो म्हणाला नाही म्हणून, ते टाकून देतेस. दहाव्या फेरीपर्यंत तुझ्याजवळ उरतं काय?

हैदराबादच्या ट्रिपल आयटीवाल्यांनी हैदराबाद आणि बेंगळुरूच्या रस्त्यांवर फिरून दहा हजार चित्रं खुणा करून ठेवली, त्याचं तू मला सांगितलं होतंस. त्यात रिक्षाला वेगळं नाव आहे, जनावराला आहे, आणि कुठल्याच नावात न बसणाऱ्या वाहनासाठीही त्यांनी एक कप्पा केलाय. मला त्या माणसांबद्दल फार आदर वाटला. ओळखता येत नाही, पण आहे, असं म्हणायला त्यांनी जागा ठेवली.

आणखी एक गोष्ट, यात मी थोडा अधिकाराने बोलतो. कॅमेरा आणि लायडारचं जुळत नाही तेव्हा दोघांपैकी एक खोटं बोलतोय असं तू धरलंस. दोघंही खरं बोलत असतील तर? कालव्यावर आमची डंपी लेव्हल वाळूच्या रस्त्यावरून जीपमधून यायची, हादरे खायची, आणि मग वाचन चुकायचं. म्हणून दोन खुंट्या ठोकायच्या, यंत्र आधी मधोमध लावायचं, मग एका खुंटीजवळ, आणि दोन्ही वेळचा फरक बघायचा. तुमच्या टपावरचा लायडार आणि काचेमागचा कॅमेरा एकमेकांशी एक अंशाने जरी वाकडे झाले, तरी पन्नास मीटरवर ८७ सेंटिमीटरची चूक होते. दोघांच्या घड्याळात सेकंदाच्या दहाव्या भागाचा फरक पडला, तर ताशी ६० च्या वेगाला दीड मीटरहून जास्त. मग लायडारचे ठिपके कॅमेऱ्याच्या चित्रात बाईवर न पडता तिच्या शेजारच्या रिकाम्या डांबरावर पडतात. कॅमेरा म्हणतो, इथे काही नाही. तो खरंच सांगतो! आणि तुझा नियम त्या दोन खऱ्या साक्षी एकमेकींवर घालून बाईला पुसून टाकतो. दादा म्हणत होता, मागच्या महिन्यात कॅमेऱ्याचं ब्रॅकेट बदललं. त्यानंतर दोन खुंट्या ठोकल्यास का?

इतकं तावातावाने का लिहितोय, असं तुला वाटत असेल. आता जे सांगतो ते तुझ्या आईलाही ठाऊक नाही.

मामा गाडीत पुढच्या सीटवर बसत नाही, हे तुम्हा सगळ्या भाचरांना माहीत आहे. ताईच्या लग्नाला पुढची सीट रिकामी ठेवून मी मागे चौघांत दाटीने बसलो, तेव्हा तुम्ही किती हसलात. एकदा अपघात झाला होता म्हणून मामा घाबरतो, असं आईने तुम्हाला सांगितलंय. ते अर्धंच आहे.

१९८४ चा जानेवारी. मी सव्वीस वर्षांचा, नोकरीला चार वर्षं झालेली. नीरा उजव्या कालव्यावरचं काम आटोपून रात्री खात्याच्या जीपने परत येत होतो. ड्रायव्हर वीस वर्षं त्याच रस्त्यावर चालवणारा, वयाने माझ्या वडिलांएवढा. मी शेजारी. पुढे खाली, रस्त्याच्या उंचीला, एक पिवळट ठिपका हलताना मला दिसला. दिसला आणि गेला. पुन्हा दिसला. मी ड्रायव्हरकडे बघितलं. तो समोर बघत होता, चेहऱ्यावर काही नाही. मला वाटलं, याला दिसलं नाही म्हणजे नसेलच. दिवसभर दुर्बिणीतून बघून माझे डोळे थकलेत. मी कोण याला रस्ता सांगणारा? तीन-चार सेकंद असतील. पन्नास-पंचावन्न मीटर.

तो टायरगाडीच्या आसाला बांधलेला कंदील होता.

एक बैल जागेवर गेला. गाडीवानाचा पाय मोडला. त्याची बायको उसावर बसली होती, ती कडेच्या मातीत पडली म्हणून वाचली. ती नवऱ्याजवळ बसून एकच विचारत होती, दुसरा बैल उठतो का बघा. मला तेव्हा त्याचा अर्थ कळला नाही. नंतर कळला. मुकादमाची उचल घेऊन आलेले, बैल गेला म्हणजे हंगाम गेला, हंगाम गेला म्हणजे उचल अंगावर. पंचनाम्याच्या वेळी मला विचारलं, साहेब, तुम्हाला काही दिसलं होतं का? मी म्हणालो, नाही. लोक म्हणाले, साहेबांनी ड्रायव्हरला सांभाळून घेतलं. मी स्वतःला सांभाळून घेतलं होतं. दवाखान्यात त्या माणसाला बघायला एकदाही गेलो नाही. त्याचं नावसुद्धा नीट विचारून घेतलं नाही. पुढे किती हंगाम रस्त्याने लंगडत चालणारा कुणी दिसला की मी मान वळवून बघायचो.

मला दिसलं होतं, मनू. मला एकट्याला दिसलं होतं आणि दुसऱ्याला दिसलं नाही म्हणून मी ते टाकून दिलं. दादा जे जेवताना सांगत होता तो नियम मी बेचाळीस-एक वर्षांपूर्वी त्या सीटवर बसून पाळला होता.

आता उठून पाणी पिऊन आलो. वर वाचलं तर फार कठोर लिहिलंय असं वाटतंय. तुझ्यावर रागावण्याचा मला हक्क आहे की नाही कुणास ठाऊक. तू निदान रात्री जागून काहीतरी दुरुस्त करायला बसलीस. मी तर नुसता बसून होतो.

काय करावं हे मी तुला काय सांगणार, तुझं काम तुला येतं. तरी माझ्या बुद्धीला जे सुचलं ते लिहितो. एकालाच दिसलेलं टाकू नकोस, संशयित म्हणून जवळ ठेव. त्याच्यासाठी लगेच करकचून ब्रेक नको, नुसता ॲक्सिलरेटरवरून पाय काढल्यासारखं कर. गाडी हळू झाली की तुलाच आणखी दहा फेऱ्या बघायला मिळतात. तो धूर असेल तर तेवढ्यात विरेल. त्याचं नाव ठरत नसेल तर नसू दे, पण तो कुठून कुठे चाललाय ते पुसू नकोस. आणि तुझ्या त्या नियमाने आजवर जे जे गाळलं त्याची यादी काढ. नुसता आकडा नको. कुठल्या रस्त्यावर, किती वाजता, ते एकेक उघडून बघ. शंभरातले नव्वद धूर आणि झाकणं निघतील. उरलेल्या दहांसाठी मी हे पत्र लिहितोय. जिथे पडद्यावर कळणार नाही तिथे जाऊन बघ. मी येतो बरोबर. रस्त्यांची मला माहिती आहे.

गुरुवार पुढे ढकलता येत नसेल, तर पाहुण्यांच्या समोर दोनदा उगाच ब्रेक लागू दे. साहेब बोलतील. ऐकून घे. रात्री मला फोन कर, मी तुझ्या साहेबांना मनसोक्त शिव्या देतो, मग तुला झोप लागेल.

तुला आठवतं का, तू सहा-सात वर्षांची असताना उन्हाळ्यात माझ्याबरोबर कालव्यावर यायचीस, स्टाफ धरायला? तुझ्या दुप्पट-तिप्पट उंच ती पट्टी. शिपाई म्हणायचा, साहेब, पोरगी पडेल. तू पडायची नाहीस. दोन्ही हातांनी छातीशी धरून अशी ताठ उभी राहायचीस की वाऱ्यानेसुद्धा वाचन हलायचं नाही. त्या जुन्या दुर्बिणीत सगळं उलटं दिसतं. त्यामुळे मला तू नेहमी डोकं खाली, पाय वर अशी दिसायचीस, लाल फ्रॉकमध्ये, आभाळातून लोंबणारी. मी वाचन लिहून घेतलं तरी हात वर करायचो नाही. आणखी थोडा वेळ बघत राहायचो. हे तुला कधी सांगितलं नव्हतं.

माझ्या ओळखीतल्या माणसांत नीट बघणारी तूच. म्हणूनच दादाचं ऐकून जीव घाबरला.

गेली काही वर्षं हंगामात मी संध्याकाळी कालव्याच्या पुलाजवळ जाऊन बसतो, ते तुला मामीने सांगितलं असेल. लाल रिफ्लेक्टरच्या पट्टीची गुंडाळी नेतो आणि थांबतील त्या गाड्यांना मागे चिकटवतो. उसावर ती टिकत नाही, म्हणून आता साटीच्या बाहेर आलेल्या लाकडाला खिळ्याने ठोकतो. गाडीवान म्हणतात, बाबा, चहा घ्या. मी घेतो. यंदा अजून दोनच संध्याकाळी गेलोय, गुडघा दुखतोय.

शनिवारी ये. तुझी ती चाचणीची गाडी आणता आली तर आण, नाही तर दादाची चालेल. रात्री जेवून बारामती रस्त्याला निघू. किती टायरगाड्या दिसतात, आधी कुणाला दिसतात, तुला की मला, ते बघू. मी पुढे बसेन, तुझ्या शेजारी. मला काही दिसलं तर सांगेन.

थंडी पडलीय, स्वेटर आण. मामीने हुरड्याची कणसं आणायला सांगितली आहेत. उशीर झाला तरी चालेल. बेल बिघडली आहे, खालून हाक मार, मी जागाच असतो.

तुझा,
मामा